कानाचं माप

"एकोनीसशे रुपये? अन् एवढुशी वस्तू? याच्यात तं चांगली साडी आली असती वं!"

सासूबाईंचं बोलणं काही खोटं नव्हतं. माझ्या तळहातावर दोन काळी बोंडं नि एक बारीक वायर, एवढाच तो ऐवज. कानात घालून ऐकायचे इअरफोन. मैत्रिणींनो, तुमच्याही मनात आत्ता हेच आलं असेल. बाजारात हातगाडीवर दीडशे रुपयांत मिळतात, मग एकोणीसशे कशाला? भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारी मी. चार वर्षांपूर्वी मला कुणी असं सांगितलं असतं, तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. मग मध्ये काय घडलं, तेच सांगायला आज बसले आहे. ऐकून घ्या. कारण हा विषय हौसेचा वाटतो खरा, पण तो तुमच्या-माझ्या लेकरांच्या कानांपर्यंत येऊन पोचतो.

आमचं गाव हिवरा आश्रम. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातलं. १९६५ साली शुकदास महाराजांनी इथे विवेकानंद आश्रम उभा केला, पुढे शाळा-महाविद्यालयं आली आणि आडवळणाच्या या गावाला बाहेरगावच्या मुलामुलींची वर्दळ लागली. जानेवारीत विवेकानंद जयंतीचा उत्सव असतो, तेव्हा पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादाला एवढी माणसं लोटतात की पाहणाऱ्याचे डोळे फिरावेत. एरवी मात्र गाव शांत. सोयाबीनची मळणी सुरू झाली की यंत्राची घरघर, नाहीतर एसटीचा आवाज. लग्न होऊन इथे आले, त्याला आता चोवीस वर्षं होतील.

माहेरी मी गाणं शिकत होते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण परीक्षा झाली होती. मग लग्न, दोन लेकरं, सासूबाईंची दुखणी, शेताचं नि घराचं पाहणं. तंबोरा माहेरीच माळ्यावर राहिला. कुणी मना केलं नाही बरं का, उगीच दोष कुणाला देऊ? पण "गा" असंही कुणी म्हटलं नाही, आणि मीही विसरले.

२०२० साली टाळेबंदी लागली. सगळे घरात. त्या दिवसांत माझ्या जुन्या गाण्याच्या बाईंचा नागपूरहून फोन आला. "मी फोनवरून शिकवायला लागले आहे. येतेस का गं?" मी 'हो' कधी म्हटलं ते माझं मलाच कळलं नाही. शनिवारी नि रविवारी दुपारी, घर झोपलेलं असताना, मागच्या खोलीत मोबाइल डब्याला टेकवून शिकवणी सुरू झाली. तंबोराही मोबाइलमधलाच. आता त्याची ॲप निघाली आहेत. पट्टी ठरवली की अखंड वाजत राहतो, तारा उतरायची धास्ती नाही.

दोन-तीन महिन्यांनी बाईंनी मला गाता गाता थांबवलं.

"तुझा सा चढतोय. खर्ज ऐकू येतो ना तुला?"

मी लक्ष देऊन ऐकलं. पंचम येत होता, जोडीच्या तारा येत होत्या. पण चौथी तार, तो खोल घुमणारा खर्ज? तो कुठे होता? नव्हताच!

"बाई, नाही येत."

"मग तू कशावर उभी राहून गातेस, सांग बरं?"

हा प्रश्न माझ्या मनात रुतून बसला. पायाखाली जमीनच नाही आणि मी आपली चालते आहे. कारण साधंच होतं, पण मला माहीत नव्हतं. माझी पट्टी काळी चार. तिचा खर्ज म्हणजे सेकंदाला सुमारे १०४ कंपनं. मोबाइलच्या पोटातला तो चिमुकला स्पीकर इतका खालचा स्वर नीट काढूच शकत नाही. वरचे उपस्वर तेवढे येतात आणि बाकीचं आपलं मन भरून घेतं. भरून घेतलेल्या गोष्टीवर संसार चालतो, सूर चालत नाही!

म्हणून मी बाजारातून दीडशे रुपयांचे इअरफोन आणले. एक माझ्यासाठी, नि एक मुलीसाठी. इथेच माझी चूक झाली.

मुलगी तेव्हा लहान होती. पण पुढे २०२३ मध्ये ती मेहकरला शिकवणीला जाऊ लागली. एसटीने रोजची ये-जा. जाता-येता कानात गाणी, घरी आल्यावर रात्री मोबाइलवर शिकवणीची भाषणं. सासूबाईंना आवाजाचा त्रास होतो, म्हणून मीच तिला दटावायची, "कानात घालून ऐक गं!" आज्ञाधारक पोर, ती ऐकत राहिली. दिवसाला चार-पाच तास.

एका रात्री ती उठून माझ्याजवळ आली. म्हणाली, "आई, रातकिडे ओरडताहेत का बाहेर?"

मी कानोसा घेतला. एप्रिल महिना, बाहेर चिटपाखरू नाही.

"नाही गं."

"मग माझ्याच कानात ओरडताहेत."

तीन दिवस किर्रकिर्र थांबेना. चौथ्या दिवशी आम्ही तिला बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला बंद खोलीत बसवून वेगवेगळे सूर ऐकवले आणि कागदावर आलेख काढला. तो मला दाखवला. रेघ सरळ चालली होती, आणि ४,००० कंपनांच्या जवळ डाव्या कानाच्या रेघेला एक लहानसा खड्डा पडला होता.

"आवाज थांबेल हळूहळू. पण हा खड्डा आहे ना ताई, तो भरून येईल असं धरू नका. वाढू मात्र देऊ नका."

मैत्रिणींनो, मी त्या खुर्चीत बसून काय विचार केला असेल? ते दीडशे रुपयांचे इअरफोन मीच आणले होते. "कानात घालून ऐक" असं मीच म्हटलं होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते. आपल्या प्रत्येक आतल्या कानात सुमारे १५-१६ हजार सूक्ष्म केसाळ पेशी असतात. आवाजाने त्या डोलतात नि मेंदूला निरोप धाडतात. फार मोठा आवाज किंवा फार वेळ आवाज झाला की त्या थकतात, मग मरतात. मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. साडी फाटली तर रफू होते. कानाला रफू नाही.

मग किती ऐकलेलं चालतं? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालेल. पण आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. दिवसाचे नव्हेत हो, आठवड्याचे! लहान मुलांसाठी तर ८० ऐवजी ७५ च धरायचे. याच संघटनेने २०२२ साली म्हटलं होतं की अशा ऐकण्याने १२ ते ३५ वयाच्या एक अब्जाहून जास्त लोकांच्या कानांना धोका आहे. एक अब्जातली एक माझ्या घरात होती.

पण पोर आवाज वाढवत का होती? ती काही उनाड नव्हे. डॉक्टरांनी तिचे इअरफोन हातात घेऊन पाहिले नि हसले. "हे कानात बसतच नाहीत. एसटीचा सगळा आवाज आत येतो, मग त्याच्यावर हिला गाणं चढवावं लागतं."

त्याच क्षणी मला माझ्या खर्जाचं उत्तर मिळालं. दोघींचं दुखणं एकच होतं. इअरफोन कानात बसत नव्हता, म्हणून तिच्या कानात बाहेरचा गोंगाट शिरत होता आणि माझ्या कानातून खर्ज निसटून जात होता.

तुम्ही कुकर लावता ना? रिंग सैल झाली की काय होतं? वाफ बाहेर निघून जाते, शिट्टी होत नाही, आपण गॅस मोठा करत राहतो आणि डाळ शिजत नाही ती नाहीच. अगदी तसंच हे. इअरफोनच्या टोकाला जी मऊ रबरी टोपी असते ना, ती म्हणजे कुकरची रिंग. ती कानाच्या भोकाला चहूबाजूंनी नीट टेकली, तरच खालचे स्वर आत टिकतात. फट राहिली की आधी खर्ज जातो.

घरी आल्यावर मी ठरवलं की आता पुन्हा डोळे झाकून घ्यायचं नाही. दिवाळीला पुण्याहून माझा भाचा आला. त्याला या वस्तूंचं वेड. त्याच्याकडे चार-पाच प्रकारचे होते, पाचशेपासून वीस हजारांपर्यंतचे. मी म्हटलं, "बाबा रे, चार दिवस मला वापरायला दे. फराळाचा डबा भरून देते." सौदा झाला!

त्या चार दिवसांत मी जे शिकले, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट मापाची. आपण बांगड्या भरायला जातो, तेव्हा कासार आधी आपला हात दाबून पाहतो. किंमत मग. एकीचा हात मऊ, एकीचा कडक, आणि कधी कधी डाव्या-उजव्या हाताचंही माप निराळं. कानाचंही तसंच. चांगल्या इअरफोनबरोबर लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्यांच्या तीन तरी जोड्या येतात. आपण काय करतो? खोक्यातून निघालेली मध्यम टोपी घालतो आणि बाकीच्या त्या खोक्यासकट माळ्यावर टाकतो. मी एकेक लावून पाहिली. डाव्या कानाला मध्यम बसली, उजव्याला लहान. दोन कानांना दोन मापं! चोवीस वर्षं मी आरशात पाहते आहे, मला पत्ता नव्हता.

बसली की नाही ते कसं ओळखायचं? तंबोरा लावा. नसेल तर ज्यात ठेका खोल वाजतो असं गाणं लावा. मग बोटाने इअरफोन किंचित आत दाबा. दाबल्यावर खालचा आवाज एकदम भरला, तर समजा की आधी फट होती. टोपी बदला. दाबून काही फरक पडला नाही, तर माप जमलं. आणि घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी जरा वर नि मागे ओढा. कान तपासताना डॉक्टर ओढतात ना, तशी. भोक सरळ होतं नि टोपी नीट जाते. दुखेपर्यंत कोंबायचं मात्र नाही. सिलिकॉनची टोपी टिकाऊ, धुता येते. फोमची टोपी दाबून घातली की आत फुगून घट्ट बसते, बाहेरचा आवाज जास्त अडवते, पण काही महिन्यांत झिजते.

दुसरी गोष्ट, आवाज सारखा ठेवून तुलना करा. दुकानदार नेहमी मोठ्याने लावून दाखवतो आणि आपल्याला वाटतं, वा, काय छान! मोठा आवाज माणसाला चांगलाच वाटतो, हा आपल्या कानाचा स्वभाव. भाजीत तिखट जास्त घातलं की मसाला शिळा आहे ते कळत नाही, तसं. म्हणून मी सगळे एकाच बेताने, हळू आवाजात ऐकले. जो हळू आवाजातही भरलेला वाटतो, तोच चांगला. हा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

तिसरी गोष्ट, ओळखीचं ऐका. दुकानातलं ढमढम गाणं नको. मी तीन गोष्टी ठरवल्या होत्या. आधी तंबोरा. मग किशोरीताईंचा भूप, जो मला श्वासासकट पाठ आहे. आणि तिसरी, माझ्या बहिणीने पाठवलेला बोलका निरोप. हसू नका! ओळखीच्या माणसाचं बोलणं ही मोठी परीक्षा असते. काही इअरफोनमध्ये तिचे 'स' नि 'च' सुईसारखे टोचत होते. पहिली पाच मिनिटं ते स्पष्ट वाटतं, अर्ध्या तासाने डोकं उठतं. काहींत ती माठात तोंड घालून बोलल्यासारखी. ज्यात बहीण बहिणीसारखी वाटली, ते बाजूला काढले.

चौथी गोष्ट, खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. '२० ते २०,००० हर्ट्झ' हे दीडशेवाल्यावरही छापलेलं असतं नि वीस हजारवाल्यावरही. आत आवाज काढणारा जो भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक पडद्याचा, आपल्या रेडिओच्या स्पीकरचं बाळच म्हणा ना. दुसरा त्याहून चिमुकला, श्रवणयंत्रातून आलेला. अमेरिकेत मीड किलियन यांनी १९८३ साली एटिमोटिक नावाची कंपनी काढली, आणि तिचे १९९१ चे कानाच्या आत बसणारे इअरफोन याच श्रवणयंत्राच्या विद्येवर उभे होते. म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेली खटपट गाणं ऐकणाऱ्यांच्या कामी आली! आता काही इअरफोनांत असे चार-पाच ड्रायव्हर असतात नि तसं ठळक छापतात. पण शेगडीला चार बर्नर असले म्हणून स्वयंपाक चौपट चांगला होतो का? भाच्याच्या एका पडद्याच्या साध्या इअरफोनने माझा खर्ज जितका छान ऐकवला, तितका एका पाच ड्रायव्हरवाल्याने नाही.

पाचवी गोष्ट, वायर की बिनवायरी? यात चांगलं-वाईट नाही, काम कोणतं ते पाहा. एकच पातेलं दुधाला नि आमटीला आपण वापरतो का? बिनवायरीचे सुटसुटीत. पोळ्या लाटताना वायर अडकत नाही. पण त्यांच्या आत इवलीशी बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत थकते आणि सहसा बदलून मिळत नाही. शिवाय फोनवर बोलताना त्यांचा माइक सुरू झाला की बहुतेकांचा आवाज पातळ होतो नि जरा उशिराही पोचतो. गाण्याच्या शिकवणीत हे जाचतं. वायरवाल्याला ना चार्जिंग, ना उशीर. फक्त घेण्याआधी आपल्या मोबाइलला वायरीचं गोल भोक आहे का ते पाहा. २०१६ साली आयफोनने ते काढून टाकलं आणि मग इतर पुष्कळांनीही. नसेल तर टाइप-सी टोकाचा इअरफोन घ्या, किंवा जोडणीचा तुकडा आपल्याच मोबाइलला लावून पाहून घ्या, कारण प्रत्येक तुकडा प्रत्येक फोनला चालतोच असं नाही.

आणखी एक सोय निघाली आहे, बाहेरचा आवाज पुसून टाकायची. तिच्यात बारीक माइक बाहेरची घरघर ऐकतो आणि तिच्या उलट लाट आत सोडतो. दोन्ही एकमेकींना मारतात. एसटीचं इंजिन, पंखा, अशा एकसुरी आवाजावर ती छान चालते. माणसांचं बोलणं नि हॉर्न तिला पुरते पुसता येत नाहीत. मी ती मुलीच्या कानात घालून तिला बसमध्ये बसवलं आणि विचारलं. ती म्हणाली, "आई, आवाज निम्म्यावर ठेवलाय तरी सगळं कळतंय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीच्या नावावर खपवलं.

शेवटी किंमत. दीडशे आणि पाचशे यांत मला फार अंतर जाणवलं नाही. पाचशे आणि दोन हजार यांत मात्र जमीन-अस्मानाचं. खर्ज आला, तंबोऱ्याच्या जवारीची गुणगुण आली, किशोरीताईंचा श्वास आला. आणि वीस हजारांचे? होते सुरेख, खोटं कशाला बोलू. पण दहापट? छे! सुती साडी आणि चांगली इरकल यांत फरक दिसतो. दोन हजारांच्या इरकलीत नि वीस हजारांच्या इरकलीत तो पाहायला चष्मा लागतो. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सहा महिन्यांत नमुने बदलतात. माझं बोट धरून तुम्ही दुकानात जाल आणि ती वस्तूच नसेल. पण कसं पाहायचं ते कळलं, की कोणत्याही दुकानात तुम्हाला कुणी फसवणार नाही.

तर असा निकाल लागला. मुलीसाठी आवाज पुसणारे बिनवायरीचे. ते तिच्या वडिलांनी घेऊन दिले, एका शब्दाने विचारलं नाही. माझ्यासाठी वायरवाले, एकोणीसशेचे.

आता खरी गोष्ट सांगते. मुलीचे घेताना मला क्षणभरही वाटलं नाही. माझे घेताना पंधरा दिवस गेले. पिशवीत हात घालावा नि काढावा. गॅस सिलिंडर आहे, किराणा आहे, धाकट्याची वह्या-पुस्तकं आहेत. आणि मी? चाळिशी उलटलेली, कुठे मैफल गाजवणार आहे? हे सुद्धा म्हणाले, "घे ना, मी कुठे नाही म्हणतो?" पण त्यांनी द्यावेत असंही मला वाटेना. मी गावातल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करून देते. एका साडीचे ७० रुपये. २७ साड्यांचे पैसे मी वेगळ्या डब्यात टाकत गेले. डबा भरला त्या दिवशी मागवले. म्हणून सासूबाईंनी "साडी आली असती" म्हटलं, तेव्हा मी मनात म्हटलं, आई, साड्या विकूनच तर आणलेत!

पहिल्या दिवशी टोप्यांची मापं जुळवली, तंबोरा लावला आणि डोळे मिटले. खर्ज आला. तो ऐकू येण्याआधी छातीत जाणवला, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण इतकी वर्षं मी अधांतरी गात होते, आणि आता कुणीतरी पायाखाली सारवलेली जमीन घालून दिली. शनिवारी बाईंनी माझा सा ऐकला नि काहीच बोलल्या नाहीत. फक्त आपला तंबोरा जवळ ओढला. त्यांचा तंबोरा मिरजेचा आहे. मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी स्वतःला बक्षीस मिळाल्यासारखे पेढे वाटले होते. तो तंबोरा छेडून त्या म्हणाल्या, "हं. आता शिकवता येईल."

पण गोष्ट इथे संपत नाही.

माझ्या गाण्यावर सासूबाई कधी बोलत नसत. पण मी रियाजाला बसले की त्या उठून ओसरीवर जात. मला ते टोचायचं. एके दुपारी मीच धीर करून विचारलं, "आई, माझं गाणं आवडत नाही का तुम्हाला?"

त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "तसं नाही वं. पन तू आपली एकटीच आ-आ करून राहते. मले कसंतरीच वाटते. मानूस एकटं बोलते, तसं."

मला एकदम उलगडलं. माझ्या कानात तंबोरा वाजत असतो. घराला तो ऐकूच येत नाही! घराला ऐकू येतं ते फक्त माझं उघडंबोडकं आ-आ.

मी लहान टोपी पुसून घेतली, आवाज अगदी बारीक केला, आणि एक बोंड त्यांच्या कानात बसवलं. दुसरं माझ्या कानात. एकाच वायरीने बांधलेल्या आम्ही दोघी सासू-सुना खाटेवर बसलो. तंबोरा सुरू झाला, मी भूपाचा सा लावला. हळूच, त्यांच्या कानाशी.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मान हलवून म्हणाल्या, "अस्सं हाय होय! हे वाजते म्हनून तू गाते. मले वाटे, तू एकटीच गाते."

हल्ली त्या ओसरीवर जात नाहीत. एखाद्या दुपारी मीच इअरफोन बाजूला ठेवते नि तंबोरा लहान स्पीकरवर लावते. मोबाइलच्या पोटातल्यापेक्षा त्यात खर्ज बरा येतो. मग त्या वाती वळत बसतात. मध्यमा प्रथमची परीक्षा मी २०२४ मध्ये दिली आणि पास झाले. मुलीच्या आलेखातला तो खड्डा तेवढाच आहे, वाढला नाही. वर्षातून एकदा कान तपासून आणतो.

जाता जाता घरगुती चार गोष्टी. टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून झाडा, म्हणजे तो आत पडणार नाही. न्हाल्याबरोबर ओल्या कानात घालू नका. एकमेकांचे वापरायचेच झाले तर टोपी धुऊन, पुसून. कान दुखत, वाहत असेल तर मुळीच नको. रस्ता ओलांडताना नि गाडी चालवताना कान मोकळे. तासाभराने कानांना दहा मिनिटं विसावा. आणि घरात पोराने कानात घातलेलं असताना आपल्याला शेजारी बसून त्याचं गाणं ऐकू आलं, तर रागावू नका. आधी त्याची टोपी पाहा. कदाचित माप चुकलं असेल.

मुलांच्या कानाचं माप तर घ्याच. पण मैत्रिणींनो, त्याच दिवशी आपल्याही कानाचं घेऊन टाका.